खोटा चढ

भिंगताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. औषधांच्या शीतगृहात ती तापमानाच्या वह्या तपासायची. कुणी वहीत एक आकडा जरी मनाचा घातला तरी तिला तो भिंगाखाली धरल्यासारखा दिसायचा, म्हणून पाठीमागे सगळे तिला भिंगताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचं नाव तिला जास्त आवडायचं. माणसाला कशाचा तरी ताठा लागतोच. कुणाला पोरांचा असतो, कुणाला पैशांचा. हिला वह्यांचा होता.

आणि अशा बाईने स्वतःच्या तापमानाचा तक्ता खोटा भरला. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण एकदम निवाडा नको, आधी सगळं ऐकून घ्या.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. तिला पीसीओएस होता. म्हणजे अंडाशयात बारीक बारीक गाठी, हार्मोन्सचा सावळागोंधळ, आणि पाळी कधी चाळीस दिवसांनी तर कधी सत्तर. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती दर रविवारी न्हाणीघराचं दार लावून उपटायची. वजन अर्धपोटी राहूनही हलायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंडं सुटायच्या गोळ्या आहेत. पण आधी काही महिने तक्ता ठेवा. मुळात सुटतंय की नाही ते बघू, मग गोळ्यांचं ठरवू." आणि त्यांनी दोघांना शेजारच्या खोलीत सिस्टरकडे पाठवलं.

सिस्टर पन्नाशी उलटलेल्या, जाड काचांचा चष्मा आणि बोलणं सडेतोड. "सकाळी जाग आली की उठायचं नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आधी थर्मामीटर जिभेखाली. अंडं सुटलं की आकडा दोन-तीन दशांशांनी वर जातो आणि वरच राहतो. त्याला आपण चढ म्हणायचं. चढाच्या आधीचे पाच-सहा दिवस कामाचे. तेव्हा अंगावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी जातं, त्याकडे लक्ष ठेवायचं. चढ तीन दिवस टिकला की समजायचं, या खेपेचं झालं. मग विश्रांती."

"आणि चढलेला आकडा उतरलाच नाही तर?" नवऱ्याने विचारलं.

"अठरा दिवस उतरला नाही तर पेढ्यांपेक्षा काहीतरी चांगलं घेऊन या, मला साखर आहे," सिस्टर म्हणाल्या. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "पण तुझ्यासारखीचं शरीर खोडकर असतं. चारदा दाराची कडी वाजवतं आणि पळून जातं. कधी कधी चाळिसाव्या दिवशीसुद्धा खरंच येतं. म्हणून अंदाज नको, आकडा बघायचा."

आकडा बघायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

नवरा तिचा गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. घरी आल्या आल्या मास्तरांनी जाहीर केलं, मोजायचं काम तुझं, लिहायचं माझं. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या गजराला तो आधी उठून बसायचा, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तक्ता, कानामागे पेन्सिल. थर्मामीटर वाजला की विचारायचा, "किती?" ती सांगायची. तो ठिपका द्यायचा आणि पट्टीने आदल्या ठिपक्याला जोडायचा. थर्मामीटर स्वतः बघावा असं त्याच्या कधी मनातही आलं नाही. बायको, त्यातून भिंगताई. तिच्या आकड्यावर कोण शंका घेणार?

पहिला तक्ता एकसष्ट दिवस चालला. कोंबड्यांनी अंगण उकरावं तसे ठिपके, चढ कुठेच नाही. पाळी आली त्या दिवशी मास्तरांनी तक्त्याची घडी घातली आणि "असू दे गं, पुढच्या वेळी," म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या तक्त्याच्या तेहतिसाव्या दिवशी तिचं पाऊल घसरलं. आदल्या दिवशी नणंदेला दुसरी मुलगी झाल्याचा फोन आला होता. मास्तर फोनवर मोठमोठ्याने हसले, अभिनंदन केलं, आणि मग खाली जाऊन सकाळीच धुतलेली गाडी पुन्हा धूत बसले. ते तिने खिडकीतून पाहिलं होतं. आता थर्मामीटरवर छत्तीस पॉइंट एकतीस होतं आणि मास्तर विचारत होते, "किती?"

"छत्तीस पॉइंट चौसष्ट," ती म्हणाली.

पुढे तिने स्वतःला पुष्कळ समजावलं की जीभ घसरली. पण जीभ घसरून दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत नेमकी जात नाही.

"चौसष्ट?" मास्तरांनी विचारलं.

"चौसष्ट."

मास्तरांनी रेघ ओढली आणि शीळ घालत चहा करायला गेले. दुसऱ्या दिवशी उतरलं असं सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. एक दिवस चढून उतरतं, त्यात काही जगावेगळं नाही. पण दुसऱ्या दिवशी मास्तर गजराच्या आधीच पेन्सिल घेऊन बसले होते, आणि त्या चेहऱ्याला उतरलं म्हणून सांगायला तिची जीभ रेटेना. तिने अडुसष्ट सांगितलं, तिसऱ्या दिवशी सहासष्ट. एका खोट्याला जगवायला दुसरं लागतं, आणि दुसऱ्याला तिसरं.

त्या दिवसापासून तिने थर्मामीटर बघणंच सोडून दिलं. वाजला की आकड्यावर नजर न टाकता बंद करायची आणि मनातला आकडा सांगायची. तिला वाटायचं, खरा आकडा बघून खोटा सांगणं हे खोटं. बघितलाच नाही तर तितकं खोटं नाही. माणूस स्वतःला कसा शेंडी लावतो बघा. चढाच्या तेराव्या दिवशी पाळी आली, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी, आणि खोटा चढ खऱ्यासारखा उभा राहिला.

तिसऱ्या तक्त्यात मात्र तो तिच्या अंगाशी आला. तिसाव्या दिवशी तिने चढ सांगितला आणि पाळी येईचना. चढाला चौदा दिवस झाले, पंधरा झाले. सोळाव्या दिवशी मास्तरांनी तिच्या हातातली बाजाराची पिशवी काढून घेतली. जिन्यावर तिच्या मागे मागे चालले, पडली तर धरता यावं म्हणून. सिस्टरचे अठरा दिवस तोही मोजत होता.

सतराव्या दिवशी तिने न्हाणीघरात जाऊन एक कोरा पॅड उघडला, कागदात गुंडाळला आणि डब्यात टाकला. बाहेर येऊन म्हणाली, "आली."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ हातातली मोज्यांची जोडी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "पोट दुखतंय का? गरम पाण्याची पिशवी देऊ?" आणि तिने ती पिशवी घेतली. न दुखणाऱ्या पोटावर ती पिशवी धरून पडली, चार दिवस कोरे पॅड टाकत राहिली, आणि बारा दिवसांनी खरी पाळी आली तेव्हा ती चोरासारखी लपवली. त्या बारा दिवसांत आणि त्यानंतर आपण माणूस म्हणून कुणाला तोंड दाखवायच्या लायकीचे उरलो नाही, असं तिला रोज वाटायचं. पण वाटणं निराळं आणि सांगणं निराळं.

तक्ते घेऊन दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी शेवटचे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले. "छान आहे की. अंडं सुटतंय, दोन्ही वेळा. मग गोळ्या कशाला? आता मास्तरांची वीर्यतपासणी करून घेऊ."

तिथे सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण सिस्टर दारातून म्हणाल्या, "इतका स्वच्छ तक्ता माझ्या एकाही बाईने ठेवला नव्हता," आणि ते तोंड तिने मिटून घेतलं.

मास्तरांचा रिपोर्ट आला तो काठावरचा. वाईट नाही, फार चांगलाही नाही. बायकोचं सगळं नीट असेल तर मग अडचण इकडेच असू शकते, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी सिगारेट सोडली, घट्ट पँट घालणं सोडलं, आणि सोडली नाही ती एकच गोष्ट, रोज सकाळी पुठ्ठा घेऊन बसायची. उलट आता जास्त नम्रपणे विचारायचे, "किती?" जणू तिचं शरीर आपलं काम चोख करत होतं आणि हेच कमी पडत होते.

त्या रविवारी दोघं जेवायला सासूबाईंकडे गेली. सासूबाई दोन रस्ते पलीकडे लेकीजवळ राहायच्या. जिभेला हाड नसलेली बाई. "काही जणींना आकडे फार कळतात, बाकीचं कळत नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते त्या दिवशीही आलंच, भात वाढता वाढता.

मास्तरांनी ताट सरकवलं. "आई, हे आजपासून बंद. तिच्यात काही दोष नाही. दोष माझ्यात आहे. कागदावर लिहून आलंय."

नणंद उगीचच पाळण्याकडे बघायला उठली. सासूबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. आणि भिंगताईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. नवरा चारचौघांत स्वतःची लाज काढून आपल्यावर पांघरतोय, आणि आपण ती पांघरून बसलोय. तरी ती बसली. नको नको म्हणत दुसऱ्यांदा भातही घेतला.

त्याच आठवड्यात तात्यांची वही हाती आली. तात्या शीतगृहाच्या वरच्या खोलीतले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. दर दोन तासांनी जिना चढून तिथल्या फ्रिजचं तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. तिने पान उघडलं आणि तिला लगेच दिसलं. चार पॉइंट एक, चार पॉइंट सहा, तीन पॉइंट आठ, पाच पॉइंट दोन. एक आकडा लागोपाठ दोनदा नाही. खरा फ्रिज असा वागत नाही. तो चार पॉइंट दोनवर बसला की दिवसभर तिथेच बसतो, म्हशीसारखा. खोटं लिहिणाऱ्याला मात्र सारखा आकडा लिहायची भीती वाटते.

तिने तात्यांना बोलावलं. तात्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गुडघा धरलाय ताई. जिना चढवत नाही. थंडावा कमी झाला नव्हता, ते यंत्र बिघडलं की घंटा वाजते. वाटलं, चारच असणार."

"मग चारच लिहायचं होतं. इतके वेगवेगळे आकडे कशाला?"

"सगळे चार लिहिले असते तर तुम्हाला खोटे वाटले असते," तात्या म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पहिल्या दिवशी फार लाज वाटली हो. चौथ्या दिवसापासून सवय झाली. तुम्हाला नाही ते कळायचं."

तिने अहवाल लिहिला. लिहावाच लागतो, औषधं माणसांच्या पोटात जातात. तात्यांना खाली पुठ्ठ्याची खोकी बांधायला बसवलं, पगारातून काही कापलं नाही, पण वरच्या खोलीची किल्ली काढून घेतली. ती किल्ली तिने सही करून घेतली, सुवाच्य अक्षरात, तारीख-वेळ घालून.

घरी येऊन तिने कपाटातून तिसरा तक्ता काढला आणि टेबलावर पसरला. खोट्या चढापासूनचे आकडे बोटाने मोजले. चौसष्ट, एकाहत्तर, सदुसष्ट, बासष्ट, सत्तर. सतरा दिवसांत एकही आकडा लागोपाठ दोनदा नव्हता. दुसऱ्या कुणाची वही असती तर तिने दहा सेकंदांत लाल शेरा मारला असता.

आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, एकट्या. दुपारची सुट्टी होती तिची. त्या स्वयंपाकघरात तिच्यासमोर स्टुलावर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. "मी तुला आठ वर्षं टोचून बोलले," म्हणाल्या. "माझ्याच पोराचं होतं, आणि मी तुला बोलले. मोठी आहे म्हणून माफी मागायला लाज वाटते, पण मागते. तू त्याला एका शब्दाने कधी बोलली नाहीस. दुसरी असती तर सोडून गेली असती."

"आई, असं काही नाही," ती म्हणाली.

"आहे. तू चांगली आहेस," सासूबाई म्हणाल्या, आणि कधी नव्हे तो त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. हनुवटीपर्यंत. तिथल्या राठ खुंटांना त्यांचा हात लागला असणार, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

त्या गेल्यावर ती मोरीपाशी गेली. तिने तोंड धुतलं, कुलूप लावलं आणि मास्तरांच्या मैदानाकडे चालू लागली. आता नाही सांगितलं तर आपल्याला सवय होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मैदानावर शिकवणीची गाडी उभी होती, दोन ब्रेक असलेली. मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, चालकाच्या बाजूच्या सीटवर, डबा उघडून बसले होते. ती शिकणाऱ्याच्या जागेवर, स्टिअरिंगसमोर बसली.

"पट्टा लाव," मास्तर सवयीने म्हणाले, आणि हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "काय झालं?"

तिने पट्टा लावला आणि सांगितलं. आडवळण न घेता, पहिल्यापासून. नणंदेचा फोन, चौसष्ट, कोरे पॅड, गरम पाण्याची पिशवी, लपवलेली पाळी. सांगताना समोरच्या काचेतून बघत राहिली, त्याच्याकडे बघायची छाती नव्हती. मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे चढ नव्हताच," शेवटी ते म्हणाले.

"मी सांगितला तेव्हा नव्हता."

"नंतर?"

तिला वाटलं होतं, तो विचारेल का केलंस. त्याची तयारी करून आली होती ती. याची नव्हती.

"नंतरचं माहीत नाही," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही. वाजला की बंद करायचे."

मास्तर हळूहळू बोलू लागले, अवघड वळण समजावून सांगताना बोलायचे तसे. "तू तिसाव्या दिवशी चढ म्हणालीस. म्हणून तेहतिसाव्यापासून आपण विश्रांती घेतली. पाळी आली साठाच्या आसपास. सिस्टर म्हणाल्या होत्या, कधी चाळिसाव्या दिवशीसुद्धा खरंच येतं." ते थांबले. "आलं असेल, तर आपण दोघं तेव्हा पाठ करून झोपलो होतो."

तिने स्वतःला खोटारडी म्हटलं होतं, भित्री म्हटलं होतं, नवऱ्याच्या मानेवर स्वतःचं ओझं टाकणारी म्हटलं होतं. पण हे तिला सुचलं नव्हतं. जगातला प्रत्येक आकडा दोनदा तपासणारी बाई, आणि हा साधा हिशोब तिने मांडलाच नव्हता. कदाचित एक खरा दिवस येऊन गेला होता, आणि तो तिच्याच जिभेखाली वाजला होता, आणि तिने बटण दाबलं होतं.

"माफ कर म्हणायलासुद्धा मला लाज वाटते," ती म्हणाली आणि रडू लागली. गाडीबाहेर एक शिकाऊ बाई वेळेवर येऊन ताटकळत उभी होती. मास्तरांनी काच खाली करून तिला पुढच्या तासाला यायला सांगितलं आणि काच पुन्हा वर केली.

"मला राग आलाय," ते म्हणाले. "फार आलाय. आज संध्याकाळी मी फार बोलणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस."

"आईंना मी आजच सांगते."

"सांग. पण सगळंच अंगावर घेऊ नकोस. माझा रिपोर्ट काठावर आहे ते खोटं नाही. दोघांचं आहे ते दोघांचंच सांग."

"आणि डॉक्टरीणबाईंना?"

"त्यांच्याकडे दोघं जाऊ. गोळ्या घ्यायच्या तर खऱ्या तक्त्यावर घेऊ." मास्तरांनी समोरचा कप्पा उघडून रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला. तिने डोळे पुसले. तिला वाटलं, सगळ्यात वाईट होतं ते होऊन गेलं. आता हा गाडीतून उतरेल, आणि आपण घरी जाऊ.

"उद्या सकाळपासून मी तुला विचारणार नाही," मास्तर म्हणाले.

"का?"

"आकडा सांगू नकोस. दाखव."

तो आवाज चढवून बोलला नव्हता. नवशिक्याला आरसा बघायला सांगावं तितक्याच शांतपणे बोलला होता. आठ वर्षांत त्याने तिच्याकडे कशाचाही पुरावा मागितला तो हा पहिलाच, आणि तो मागायचा त्याला पुरेपूर हक्क होता. ती दाखवते म्हणाली, आणि पट्टा सोडून गाडीतून उतरली.